तांबूचे तीन डबे

निघोजे
गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

ती. सुभद्राआक्कांस,
सा. न. वि. वि.

आज पहाटे साडेपाचला उठलो. गोठा झाडला. तांबूला एक डबा खुराक दिला. शेजारच्या तानुबाईंनी दूध काढले, साडेतीन लिटर निघाले. पहिल्या शिफ्टच्या बसेस गेल्यावर तांबूला कंपनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर चरायला नेले. साडेअकराला परत आणले. संध्याकाळी दोन डबे खुराक दिला. दूध अडीच लिटर. दिवसभर भुरभुर पाऊस होता.

फोनवर आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. आपल्या गावचा समाधान टेम्पोतून पेंडीची पोती उतरवून ओट्यावर चहा घेतो आहे. तो दर गुरुवारी चाकणहून माल भरून इकडून पाईटला जातो, तेव्हा पत्र त्याच्या हाती देतो. मला पत्र लिहायची सवय नाही. कंपनीत फक्त तपासणीचे रिपोर्ट लिहिले. चुकले असल्यास माफ करावे.

अंजलीला जाऊन आज दोन महिने अकरा दिवस झाले.

विचारायचे ते असे. अंजली होती तेव्हा तांबू दिवसाला दहा लिटर दूध देत होती. आता सहा देते. गुरांचे डॉक्टर पाहून गेले. गाय निरोगी आहे, पण चैत्रात व्यालेल्या गाईने श्रावणात आठ लिटर तरी द्यायला हवे, असे ते म्हणाले. चरायला गवत भरपूर आहे. खुराक ठरल्याप्रमाणे देतो. मी निवृत्त झालो तेव्हा गोठ्यात एक कार्ड लावले होते. त्यावर लिहिले आहे: सकाळी एक डबा, संध्याकाळी दोन डबे. अंजलीची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. तरी ती देत होती तो खुराक एवढाच होता का, हे आपल्याला माहीत असेल. कळवावे.

लेक स्वरूपाचे म्हणणे आहे की गाय विकून मी सांगवीला तिच्याकडे राहायला जावे. तिचे चूक नाही. कुरुळीच्या यशवंतरावांकडे वीस गायी आहेत, माणूस चांगला आहे. मी त्यांना सांगून ठेवले आहे की दसऱ्यापर्यंत तांबू आठ लिटरवर आली नाही तर ती आणि कालवड दोन्ही घेऊन जा. माझ्या हातून मुक्या जनावराचे हाल होत असतील तर ते ठेवून घेणे बरोबर नाही.

माझी प्रकृती ठीक आहे. जेवण वेळेवर होते.

आपला,
सुरेंद्र


पाईट
ऋषिपंचमी, गुरुवार २८ ऑगस्ट

सुरेंद्रराव यांस आक्काचा आशीर्वाद.

पाव्हणं, पत्र पोचलं. आधी वाटलं कंपनीची नोटीस आली. चुकून समाधान दुसऱ्याचा कागद देऊन गेला काय म्हणून मी मागंपुढं बघितलं, तर खाली तुमचं नाव. साडेपाच, साडेअकरा, साडेतीन. अहो, माणूस काय घड्याळ हाय व्हय? पण लिवलंत ते बरं केलं. फोनवर माझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आन् स्वरूपा तिकडनं काय बोलती ते मला गाडीचा हॉर्न वाजल्यागत ऐकू येतं. कागदाला शिट्टी न्हाई.

आता तांबूचं. डबे तीनच. कार्ड बरोबर हाय. माझी धाकटी भैन अंजी बी तीनच घालायची, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पेंड, गव्हाचा भुसा, मक्याचा भरडा, मूठभर मीठ आन् ती खनिजाची पावडर, बरोबर? मग खुराकात खोट न्हाई.

खोट गवतात हाय. ह्या दिवसातलं गवत म्हंजी निम्मं पाणी. गाय चरून चरून ढोलावानी फुगती, आपल्याला वाटतं पोट भरलं, आन् धार काढायला बसावं तर कासंत काय न्हाई. सकाळी सोडायच्या आधी कडब्याची एक पेंढी टाका तिच्या म्होरं. रिकाम्या पोटी वल्ल्या गवतात सोडू नका. आठ दिवसांत फरक पडंल.

दुसरं. तांबू ही माझ्या गोठ्यातली हाय. अंजीनं तिला एवढीशी असताना टेम्पोत मांडीवर घिऊन नेलती. तिला इकायची भाषा मला न इचारता केलीत, ते मनाला लागलं. दसऱ्याचं बोलून बसलाय म्हणताय तर मी आता काय बोलू. पण आठ लिटर काय लई न्हाई. करू.

आज ऋषीची भाजी केलीय. अंजी असती तर डबा पाठवला असता. तुमाला पाठवला तर तुमी मोजून खाणार, म्हणून न्हाई पाठवला. पुढच्या खेपेला पाठवीन.

तुमची आक्का


निघोजे
गुरुवार, ४ सप्टेंबर

ती. आक्कांस,
सा. न. वि. वि.

आज दूध सकाळी साडेतीन, संध्याकाळी पावणेतीन. एकूण सव्वासहा.

सांगितल्याप्रमाणे आठ दिवस कडब्याची पेंढी आधी टाकली. शेण घट्ट झाले, पाव लिटर वाढले. म्हणजे गवताचे कारण होते, पण तेवढेच नव्हते.

मग खुराक तपासायला घेतला. डबा वजनकाट्यावर ठेवला. एक डबा म्हणजे एक किलो दीडशे ग्रॅम. दहा वेळा भरून पाहिला, पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक कधी आला नाही. मापात चूक नाही याची खात्री झाली. नंतर पेंडीचे पोते मोजले. पन्नास किलोचे पोते एकोणपन्नास किलो चारशे ग्रॅम भरले. हे मी समाधानला सांगितले. इतकेच सांगितले की सहाशे ग्रॅम कमी आहे. तो चहा अर्धा ठेवून गेला, मग हे पत्र घ्यायला परत आला.

चरायची व्यवस्था चांगली आहे. कंपनीच्या प्लॉटच्या गेटवर हिंदुराव म्हणून वॉचमन आहेत, पूर्वी फौजेत होते. गवत कापायचा त्यांचा खर्च वाचतो म्हणून साहेबांनी तांबूला परवानगी दिली आहे. पण आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची असा नियम असल्याने हिंदुराव तांबूचीही करतात. वाहन क्रमांकाच्या रकान्यात तांबू लिहितात. कामाचे स्वरूप, चरणे. काल त्यांनी माझ्याकडे तांबूची सही मागितली. मला वाटते ते गंमत करत होते. मी माझी सही केली.

माझी प्रकृती ठीक आहे. पूर्वी घ्यायचो तितकाच भात मोजून घेतो, तरी कमरेच्या पट्ट्याला एक भोक वाढवावे लागले. कारण कळत नाही. चालणे वाढले आहे, त्याने असेल.

या वर्षी घरी गणपती आणला नाही.

आपला,
सुरेंद्र


निघोजे
शनिवार, १३ सप्टेंबर

ती. आक्कांस,
सा. न. वि. वि.

परवा गुरुवारी समाधान आला नाही. सहा वाजेपर्यंत वाट पाहिली. म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवतो आहे.

पेंड संपत आली होती. चाकणहून दुसऱ्या दुकानातून एक पोते रिक्षात घालून आणले. तेही मोजले. एकोणपन्नास किलो दोनशे भरले. म्हणजे समाधानचे पोते दोनशे ग्रॅमने जास्त होते. ही गोष्ट त्याला सांगणे माझे काम आहे, पण तो येत नाही. आपण सांगितले तर बरे होईल.

नव्या पेंडीनेही फरक पडला नाही. काल दूध पावणेसहा लिटर.

यशवंतराव येऊन पाहून गेले. तांबूच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, गाय सोन्यासारखी आहे, काळजी करू नका, माझ्याकडे सुखात राहील. त्यांनी घाई केली नाही.

रविवारी स्वरूपा आणि नात ओवी आल्या होत्या. स्वरूपाने आठवड्याची भाजी करून फ्रीजमध्ये ठेवली. अंजलीच्या साड्यांचे काय करायचे, असे तिने विचारले. दसऱ्यानंतर बघू म्हणालो.

तांबूच्या बाबतीत मी सगळे तपासले आहे. पाणी, पेंड, मीठ, वेळ, माप. कंपनीत चौतीस वर्षे मापन विभागात होतो. नग बिघडला तर कारण सापडेपर्यंत आम्ही घरी जात नसू. इथे कारण सापडत नाही. अंजली काहीतरी करत असावी, जे मला दिसले नाही. चार वर्षे मी घरीच होतो, तरी दिसले नाही.

आपला,
सुरेंद्र


पाईट
गुरुवार १८ सप्टेंबर, सकाळ

सुरेंद्रराव यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र पोस्टमननं काल दिलं. चार दिवसांत आलं. समाधानचा टेम्पो दीड तासात येतो. रुसवा लई महाग पडतो बघा.

समाधान रुसलाय. जेवण सोडलं न्हाई, पण तुमचं नाव काढलं की घास हातात धरून भिंतीकडं बघतो. मला म्हणतो, "आक्का, काकू होत्या तवर मी पोतं टाकून जायचो, त्या पैसं टाकून जायच्या. काका गोणीला काट्यावर चढवत्यात. उद्या मला बी चढवतील." मी म्हणलं, चढवू द्यात की, तुझं वजन बी कमी भरंल. हसला न्हाई. मग त्याला दोनशे ग्रॅमचं वाचून दाखवलं तवा जरा हालला. आज त्याला पाठवतीय. त्याला चहा पाजा, आन् अर्धा ठिवू दिऊ नका. धार काढायच्या वक्ताला थांबवून घ्या. त्यानं अंजीला खुराक घालताना शंभरदा बघितलंय. त्याच्या डोळ्याला काय दिसलं तर दिसलं.

माझ्या मनात आता येगळंच येतंय. गाय अंजीला हुडकत असंल. जनावराला वास कळतो. माझी सासू आजारी पडली तवा म्हस पान्हवंना, तवा आमी सासूचं लुगडं पांघरून धार काढली हुती. तुमी अंजीची जुनी साडी खांद्यावर टाका आन् मग खुराक घाला. लाजू नका. तिथं कोण बघतंय?

आन् पट्ट्याला भोक वाढवू नका. पाव्हणं, चालण्यानं माणूस एवढा वाळत न्हाई. काय खाताय ते खरं लिवा.

तुमची आक्का


निघोजे
गुरुवार, १८ सप्टेंबर, संध्याकाळी सहा

ती. आक्कांस,
सा. न. वि. वि.

समाधान आला. मी दोनशे ग्रॅमचे स्वतः सांगितले. त्याने चहा पूर्ण घेतला, मग दुसराही घेतला. पोती न मोजता आत ठेवली.

साडीचे सांगितलेत तसे केले. अंजलीची निळी सुती साडी खांद्यावर टाकली. तिथे कोणी बघत नव्हते असे नाही. तानुबाई होत्या, समाधान होता, आणि हिंदुराव ड्युटी संपवून दूध न्यायला आले होते. तांबूने साडी हुंगली. पदराचे टोक तोंडात धरले, मी सोडवून घेतले. मग नेहमीप्रमाणे खुराक खाल्ला. दूध पावणेतीन लिटर. फरक नाही. साडी घडी करून परत ठेवली.

एक गोष्ट घडली, ती समजली नाही म्हणून लिहितो. मी पोत्यातून डबा भरत होतो. माझ्याकडे कंपनीतली एक फूटभर स्टीलची पट्टी आहे. डबा भरला की तिने वरचा भाग सपाट करतो, म्हणजे माप अचूक येते. तानुबाई यायच्या आधी मी हे करून ठेवतो. आज उशीर झाला, म्हणून समाधानसमोर केले. तो पाहत राहिला. म्हणाला,

"काका, पट्टी कशाला?"

मी सांगितले, मापासाठी.

"रोज फिरवता?"

रोज, म्हणालो. त्यावर तो ओट्यावर जाऊन बसला आणि मान खाली घालून हलत राहिला. हसत होता की काय होते कळले नाही. माझ्या खांद्यावर साडी होती, त्याबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. पट्टीचे एवढे नवल काय आहे?

त्याने पत्र लवकर द्या म्हणून घाई लावली आहे, म्हणून थांबतो.

आपला,
सुरेंद्र


पाईट
शुक्रवार १९ सप्टेंबर

सुरेंद्रराव,

गुरुवारपातूर मला कळ निघंना, म्हणून आमच्या शाळेतले मास्तर चाकणला निघालेत त्यांच्या हाती हे धाडतीय. ते निघोज्यात कंपनीच्या गेटवर हिंदुरावाकडं ठिवतील.

काल रात्री समाधाननं सांगितलं तवापासनं मी हसतीय. सून म्हणाली, आक्काला कुणीतरी पाणी द्या. आन् मग हसता हसता रडू बी आलं, ते जाऊ द्या.

अहो पाव्हणं, डबा म्हंजी शिगेचा डबा! वर डोंगर उभा ऱ्हायला पायजे. दाणं कडंनी घरंगळाय लागलं की समजायचं डबा भरला. आमच्या आईनं आमाला हेच शिकवलं. दुकानदाराचं माप सपाट. घरचं माप शिगेचं. गाय असू दे, पाव्हणा असू दे, दारातला भिकारी असू दे, कुणाला सपाट माप घातलं तर आई हातातलं माप काढून घ्यायची. मी तुमाला तीन डबे म्हणून लिवलं, पण शीग लावा म्हणून लिवायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई. श्वास घ्या म्हणून कुणी लिवून पाठवतं का?

आन् तुमी तीन महिने त्या डोंगरावर पट्टी फिरवताय!

अंजीला तुमची पट्टी ठावं हुती. मला सांगायची. म्हणायची, "आक्का, ह्यांनी गोठ्यात कार्ड लावलंय, आन् मला इचारलं बरोबर हाय का, मी म्हणलं बरोबर हाय." आमी दोघी हसायचो. तुमचा अपमान म्हणून न्हाई हो. तिला कवतिक हुतं तुमच्या कार्डाचं. आल्यागेल्याला दाखवायची.

आता ऐका. उद्यापासनं एकदम शीग लावू नका. सवय मोडलीय, पोट धरंल. दोन दिवसाला एक मूठ वाढवा. सकाळी आन् संध्याकाळी, दोन्ही येळंला. आठ-दहा दिवसांत पुरती शीग. दूध लगीच दिसणार न्हाई, मग दिसंल.

आणि एक. अंजी अजून एक सांगायची. तुमी भाताचे तांदूळ वाटीनं मोजून, वर बोट फिरवून काढून ठिवायचे आन् पेपर वाचायला जायचे. तुमची पाठ फिरली की ती एक मूठ टाकायची. तीस वर्सं टाकली म्हणं. मग आता पट्ट्याला भोक का पडतंय ते मला कळलं. तुमाला कळलं का? तुमच्या वाटीत आता मूठ कोण टाकतंय?

ह्याचं उत्तर लिवा.

तुमची आक्का


निघोजे
गुरुवार, २५ सप्टेंबर

ती. आक्कांस,
सा. न. वि. वि.

हिंदुरावांनी आपले पत्र रजिस्टरला नोंद करून दिले.

त्या दिवशी संध्याकाळी मी डबा शिगेने भरून वजनकाट्यावर ठेवला. दहा वेळा भरला. सर्वांत कमी एक किलो पाचशे चाळीस, सर्वांत जास्त एक किलो सहाशे ऐंशी. दोनदा सारखे वजन आले नाही. असे माप माझ्याकडे कोणी आणले असते तर मी परत पाठवले असते. पण हिशेब केला तर तांबूला रोज सव्वा ते दीड किलो खुराक कमी जात होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, किलोला दोन-अडीच लिटर धरा, मग तुमचे उत्तर तुमच्यासमोरच आहे. चरून तिचे स्वतःचे पोट भागत होते, दुधासाठी वरून जे लागते तेच मी पट्टीने खाली पाडत होतो. खाली पडलेले परत पोत्यात भरत होतो.

मूठ वाढवतो आहे. दोन दिवसांनी एक, सांगितल्याप्रमाणे. काल सव्वासहा, आज साडेसहा.

गोठ्यातले कार्ड काढले. ते प्लास्टिकमध्ये बसवून घेतलेले आहे. चार वर्षे गोठ्यात राहूनही त्यावर डाग नाही. माझ्या लक्षात आले की मी ते कधी पुसले नव्हते. ती पुसत असणार.

कार्ड फेकले नाही. माझ्या कपाटात ठेवले.

मला तिने सांगितले असते तर मी ऐकले असते का, याचा विचार केला. मला वाटते मी नवीन कार्ड केले असते. त्यात शिगेची उंची मिलिमीटरमध्ये लिहिली असती. तिला हे माहीत होते.

दसऱ्याला सात दिवस आहेत. आठला दीड लिटर कमी आहे. यशवंतरावांना दिलेला शब्द मी बदललेला नाही. दिलेला शब्द आहे.

आपण विचारलेल्या दुसऱ्या गोष्टीचे उत्तर नंतर लिहितो.

आपला,
सुरेंद्र


निघोजे
दसरा, गुरुवार २ ऑक्टोबर

ती. आक्कांस,
सा. न. वि. वि.

आज पाचला उठलो. गोठा झाडला. तांबूच्या शिंगांना तानुबाईंनी झेंडू बांधला. तिने तो कालवडीला खाऊ दिला. सकाळचे दूध चार लिटर. दसऱ्याची सुट्टी असल्याने कंपनीचे गेट बंद होते, पण हिंदुरावांनी तांबूसाठी लहान दार उघडले आणि रजिस्टरमध्ये कामाचे स्वरूप या रकान्यात सण लिहिले.

काल खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली. कंपनीत दरवर्षी करायचो. माझी मोजायची हत्यारे पाटावर मांडली. स्टीलची पट्टी पुसून मधोमध ठेवली. तिच्याजवळ डबा ठेवला. आज पूजा उचलली तेव्हा डबा गोठ्यात नेला. पट्टी पेटीत ठेवली.

समाधान टेम्पोला हार घालून आला होता. त्याच्याबरोबर आपण पाठवलेल्या पुरणपोळ्या मिळाल्या. त्याला आज थांबता येणार नव्हते, म्हणून हे पत्र तो पुढच्या खेपेला आणेल.

पाच वाजता यशवंतराव आले. आपट्याची पाने दिली, गळाभेट झाली. धार काढताना ते शेजारीच उभे होते. त्यांच्या हातात नवे दावे होते. तानुबाईंनी दूध मोजले. मी फेस बसू दिला. साडेतीन लिटर. दिवसाचे साडेसात.

ठरले होते आठ. तांबू टबातला खुराक चाटत होती. डबा मी स्वतः भरला होता, शिगेचा, दाणे कडेने घरंगळेपर्यंत.

आमच्या विभागात नग मापात थोडा कमी बसला आणि तरी कामाचा असला तर साहेब एका कागदावर सही करून तो पास करायचे. त्याला आम्ही डेव्हिएशन म्हणायचो. चौतीस वर्षांत मी एकाही कागदावर शिफारस लिहिली नाही. लोक मला त्याबद्दल नावे ठेवायचे. मी यशवंतरावांना म्हणालो,

"साडेसात आहे. डेव्हिएशनवर पास करतो."

ते म्हणाले, "म्हंजी काय?"

"अर्धा लिटर मी सोडला."

"म्हंजी न्यायची न्हाई."

"नाही."

"मग सरळ सांगा की राव," असे म्हणून त्यांनी ते नवे दावे तांबूच्या खुंटीला अडकवले. म्हणाले, तुमचे जुने कुजले आहे, हे राहू द्या. मी शब्द मोडला, त्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले की त्यांना पहिल्या दिवशीच अंदाज आला होता, विकणारा माणूस गाईच्या पाण्याची चव स्वतः घेऊन बघत नाही. पाण्याची चव मी घेतली होती, हे त्यांनी पाहिले होते असे दिसते. चहा घेऊन ते गेले.

स्वरूपाला फोन केला. ती म्हणाली, बाबा, निदान शनिवार-रविवार तरी इकडे येत जा. मी म्हणालो, तांबूला कोण बघेल? ती हसली. म्हणाली, बरं, मग आम्हीच येतो. वसुबारसेला ओवीला घेऊन येणार आहे. आपणही यावे. समाधानचा टेम्पो आहे. साड्यांचे तेव्हा बघू. निळी साडी तेवढी मी गोठ्यात खुंटीवर ठेवली आहे. तांबू जाता-येता हुंगते. दुधाशी त्याचा संबंध नाही, हे तपासले आहे.

आपला,
सुरेंद्र

ता. क. आपल्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. हे पत्र पाकिटात घालायच्या आधी स्वयंपाकघरात गेलो. तांदळाच्या डब्यात वाटी घातली आणि भरून वर काढली. सवयीने बोट वर गेले. फिरवले नाही. चार-पाच दाणे ओट्यावर सांडले, ते वेचून वाटीतच टाकले. तांदूळ दोनदा धुतले आणि कुकर लावला.